तामणाचा सातवा रंग

मी, सुकलाल निंबा भावसार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कापड छपाईच्या मिलमधून निवृत्त झालेला डिझाईन ट्रेसर, मूळचा पारोळा तालुक्यातला, गेली बावन्न वर्षे सुरतेत आणि त्यातली अडतीस वर्षे लिंबायतमधल्या याच घरात राहणारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी माझ्या डोक्याशी बसलेले नाही, कोणी चहा पाजून सही मागितलेली नाही. हृदयात दोन स्टेंट आहेत, डोक्याला काही झालेले नाही. डावा डोळा अधू आहे, पण उजव्या हातात शून्य नंबरचा ब्रश दिला तर अजून केसाएवढी रेघ सरळ ओढून दाखवीन.

सन २०११ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात माझ्या पश्चात सगळी व्यवस्था पाहणारा म्हणून माझा धाकटा भाऊ भूपेंद्र याचे नाव होते. ते नाव का काढले, ते पुढे येईलच.

वकीलसाहेबांनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात घर होते, बँक होती, झाड कुठेच नव्हते. मी तो परत केला. ते म्हणाले, "काका, मृत्युपत्रात मन मोकळे करत नाहीत." मी म्हटले, मग कुठे करतात ते सांगा, तिथे जातो. त्यांनी कोरे कागद माझ्यापुढे सरकवले, म्हणून हे असे लांबले आहे.

कलम १. लिंबायतमधले माझे घर, पुढच्या ओट्यासह, मुलगी सुषमा आणि मुलगा योगेंद्र यांना निम्मे निम्मे. योगेंद्र हजीऱ्याला ठेकेदाराकडे असतो, त्याला रजा मिळत नाही हे मला मान्य आहे. सुषमाला निम्मे कशाला, असे भावकीतले विचारतील. दवाखान्यात माझ्या उशाशी सतरा दिवस कोण बसले होते, ते त्यांनी आधी विचारावे. योगेंद्रची मुले माझ्याशी गुजरातीत भांडतात. भांडू द्यावीत, भांडण कळते मला.

कलम २. बँकेत जे असेल ते याच प्रमाणात. आकडे पासबुकात आहेत, इथे उतरवून शाई वाया घालवत नाही.

कलम ३. माझी पत्नी कै. सुंदरा हिच्या पाटल्या आणि पोत सुषमाला. सुंदरा जाऊन तीन वर्षे झाली. तिने आयुष्यात माझ्या एकाच गोष्टीला ठाम विरोध केला आणि त्या एका गोष्टीत ती बरोबर होती. ती हयात असताना मी हे कबूल केले असते, तर हे मृत्युपत्र अर्ध्या पानात संपले असते.

कलम ४. माझे काचेचे टेबल. सागवानी चौकट, वर जाड काच, खाली दोन ट्यूबलाईट. मिलमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा आमची टेबले भंगारात निघाली. त्यातले हे मी मागून घेतले आणि हातगाडीवर घालून घरी आणले. योगेंद्रची बायको त्यावर पापड वाळवते. तिला ते आवडत असेल तर तिने ठेवावे, मात्र काच फुटली तर साधी काच टाकू नये.

ज्याला हे काम ठाऊक नाही त्याच्यासाठी दोन ओळी लिहितो, नाहीतर पुढचे समजणार नाही. साडीचे डिझाईन आधी कागदावर रंगवायचे. मग त्यातला एकेक रंग वेगळा काढायचा. प्रत्येक रंगासाठी एक पारदर्शक फिल्म घ्यायची, ती डिझाईनवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि जिथे जिथे तो रंग असेल तेवढीच जागा काळ्या शाईने भरायची. पाच रंग असतील तर पाच फिल्म, पाच स्क्रीन. कापडावर पाची एकावर एक बसल्या की फूल उमटते. एक जरी फिल्म हरवली तरी फूल उमटते, पण ते लंगडे असते. मी आणि काशिनाथ ढवळे, आम्ही दोघांनी एकाच टेबलावर समोरासमोर बसून बावीस वर्षे हे काम केले. काशिनाथ मराठवाड्यातला, परतूरकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. माझ्या हाताला रेघ होती, त्याच्या हाताला ठिपका. फिका रंग बारीक ठिपक्यांनी उतरवावा लागतो. ते काम माझ्याकडे आले की मी फिल्म त्याच्याकडे सरकवायचो आणि त्याच्याकडे बाह्यरेषेचे काम आले की तो माझ्याकडे. कोणाची फिल्म कोणाकडे आहे याची नोंद आम्ही कधी ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात निम्मे लिंबायत मिळेल त्या गाडीने खान्देशात पळाले, तेव्हा सुंदरा तापाने पडली होती. तिला हलवता येत नव्हते. शेजारची दारे बंद झाली. काशिनाथने आपल्या बायकोला, छायाला, गावी पाठवले आणि स्वतः थांबला. रोज सकाळी दूध आणून ओट्यावर ठेवायचा आणि मी उचलेपर्यंत रस्त्यात उभा राहायचा. सुंदराचा ताप साधा निघाला. माझ्या भावाने त्या आठवड्यात काय केले ते विचाराल तर तो पहिल्या गाडीने गेला होता. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही, तो तरुण होता.

कलम ५. झाड.

हे झाड माझे नाही, म्हणून मला ते कोणाला देता येत नाही. तरी त्याच्यासाठी वेगळे कलम करतो.

जुन्या सुरतेत गोऱ्या व्यापाऱ्यांचे एक कबरस्तान आहे. तीनशे वर्षांपूर्वी जे लोक इथे कापूस, नीळ, रेशीम घ्यायला आले आणि इथेच मेले, त्यांच्या कबरी आहेत. कबरी कसल्या, दुमजली घुमट आहेत. आमच्या सगळ्या गल्लीतल्या घरांहून मोठे. जिवंतपणी गादीवर बसून जेवढी ऐट केली नसेल तेवढी मेल्यावर केली आहे. चुना उडाला आहे, आतली विटेची रांग दिसते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या घुमटाच्या पश्चिमेला, तीन पायऱ्यांच्या टोकाशी, तामणाचे झाड आहे. १९८४ साली मी सायकलवरून स्क्रीन पोचवायला निघालो होतो, भिंतीपाशी टायर बसले, म्हणून आत पाणी प्यायला गेलो आणि दीड तास बाहेर आलोच नाही. मिलमध्ये अर्ध्या दिवसाची रजा कापली.

चैत्र सरता सरता हे झाड फुलते. फांदीच्या टोकाला उभे तुरे येतात. फुलाला सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी चुरगळलेल्या जॉर्जेटसारखी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. लोक म्हणतात जांभळे झाड. चौकीदारही म्हणायचा, "पेलुं जांबली झाड." जांभळे! मी त्या झाडात सात रंग मोजले आहेत. आज उमललेले फूल गडद. कालचे उतरलेले. परवाचे इतके फिके की पांढरे म्हणावे की जांभळे, यावर माझे आणि काशिनाथचे दर वर्षी भांडण. तिन्ही एकाच तुऱ्यावर, खालून वर. खाली म्हातारी फुले, वर तरणी, टोकाला कळ्या. सालही साधी नाही. पोपडे निघून खाली गुळगुळीत, कुठे राखी, कुठे बदामी. आणि मागे तो विटकरी घुमट. कोणी मुद्दाम रंग जुळवून बसवला असता तरी इतका जुळला नसता. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांच्या साड्यांवर फुले काढली. त्या सगळ्या फुलांत खोटे नसलेले एवढेच.

पंधरा वर्षे मी आणि काशिनाथ बहाराच्या दिवसांत दर रविवारी तिथे जात होतो. तो छत्री धरायचा, मी काढायचो, मग मी छत्री धरायचो. सुंदरा डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची. त्या घुमटाखालच्या साहेबाला काय वाटत असेल, असे काशिनाथ दर वेळी म्हणायचा.

याबाबत माझी सूचना अशी: सुषमाने आणि योगेंद्रने आपल्या मुलांना घेऊन वर्षातून एकदा अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तिथे जावे. दुसऱ्या पायरीवर बसावे, पहिलीवर नाही, पहिलीवरून घुमट झाडाच्या मागे लपतो. एकदा सकाळी सात वाजता पाहावे आणि एकदा संध्याकाळी पाचला. फूल तोडू नये. मोबाईल खिशात ठेवावा, निदान पहिली दहा मिनिटे. माझी राख तिथे टाकण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. ते सरकारी संरक्षित ठिकाण आहे आणि मला तापी पुरेशी आहे.

कलम ६. ॲल्युमिनियमची नळी आणि फिल्म.

१९९८ च्या बहारात मी ते झाड पूर्ण काढले. साडीच्या पदरावर उभे झाड, मागे घुमट, अंगभर तुरे. सात रंग, सात फिल्म. वर्षभर रात्रपाळी सोडून मिळेल त्या वेळात ते काम केले. ते मिलचे नव्हते, माझे होते. एकाच साडीपुरते छापून घ्यायचे आणि ती साडी सुंदराला द्यायची, एवढाच बेत होता. तिला मी लग्नातली सोडून साडी घेऊन दिली नव्हती. मिलमधली डाग पडलेली मिळायची, तीच ती नेसायची. फिल्म गुंडाळून मी नळीत घातल्या आणि नळी माळ्यावर ठेवली. तेव्हा भूपेंद्र माझ्याच घरात राहत होता. सुरतेबाहेर सचिन गावच्या कारखान्यांत, एका छपाईच्या युनिटमध्ये रंगखात्यात नुकताच लागला होता. मीच लावला होता.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे नव्याण्णवच्या ऑक्टोबरात, रिंगरोडच्या बाजारात एका दुकानाच्या काचेत मला माझे झाड दिसले. जॉर्जेटवर, पुतळ्याच्या अंगावर. मला आधी वाटले भास आहे. मग मी उजव्या बाजूच्या तिसऱ्या तुऱ्यातले फूल शोधले. मी काढत होतो त्या दिवशी एका पाकळीला किडीने भोक पाडले होते. मी ते जसेच्या तसे काढले होते, काशिनाथ हसला होता. ते भोक साडीवर होते. गठ्ठेच्या गठ्ठे खपत होते. कॅटलॉगवर नाव छापले होते 'गुलमोहर'. तामणाला गुलमोहर!

घरी येऊन नळी उघडली. फिल्म सहाच निघाल्या. फिक्याची सातवी नव्हती.

झाडाबद्दल माहीत असलेला माणूस जगात एकच होता. भोकाबद्दल माहीत असलेलाही तोच. नळी कुठे ठेवतो तेही त्याला माहीत. मी रात्रभर जागलो. सुंदरा म्हणे, "काशिनाथभाऊ असं करनार नहीत. तुमी आधी ईचारा तरी." भूपेंद्र पलीकडच्या खाटेवर होता, तो उठून बसला आणि म्हणाला, "वहिनी, मानूसनं काय सांगता येस?" हे वाक्य मी सव्वीस वर्षे सहानुभूतीचे समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला, मिलच्या फाटकात, शंभर माणसांदेखत मी काशिनाथच्या अंगावर ती साडी फेकली आणि त्याला चोर म्हणालो. आणखीही बरेच म्हणालो. ते इथे लिहीत नाही, ऐकणारे अजून जिवंत आहेत. काशिनाथने साडी उचलली, उलगडली, पदर उजेडात धरला. मग एवढेच म्हणाला, "सुकाभाऊ, यात फिका नाही."

मी म्हणालो, "लाज नाही वाटत? अजून रंग मोजतोस?"

त्याने साडीची घडी घातली, माझ्या सायकलच्या कॅरिअरला लावली आणि निघून गेला. परत कामावर आला नाही. एकदा चोर म्हटलेल्या ट्रेसरला सुरतेत कोणी टेबलाशी बसवत नाही, कारण आमच्या धंद्यात दुसरे चोरण्यासारखे असतेच काय. नंतर कळले की तो इच्छापोरला एका कारखान्यात पिंपांवर ब्रशने नंबर टाकतो. त्या हाताने. मी ऐकले आणि बरे झाले म्हणालो. हेही लिहून ठेवतो, कारण शुद्धीवर असलेल्या माणसाने सगळे लिहावे.

त्या दिवसापासून मी झाडाकडे गेलो नाही. तो तिथे बसलेला असेल, या रागाने. पंचवीस बहार. चोराला शिक्षा म्हणून माझेच डोळे मी बांधून घेतले आणि त्याला स्वाभिमान म्हणालो.

यंदा अखाजीच्या आदल्या रविवारी सुषमा म्हणाली, "आप्पा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, सोसायटीत गोल गोल फिरण्यापेक्षा तुमच्या झाडाकडे जाऊ." तिला वाटले मी नाही म्हणेन. मी चप्पल घातली. फाटकातून आत गेलो आणि झाड दिसले. मधल्या काळात ते वाढले आहे, घुमटाच्या पहिल्या मजल्याच्या वर गेले आहे. तुरे खाली घुमटाच्या कमानीत उतरले आहेत. मी उभ्या उभ्या रडलो. कशासाठी, झाडासाठी की वाया घालवलेल्या वर्षांसाठी, ते सांगता येत नाही. आणि दुसऱ्या पायरीवर काशिनाथ बसला होता. केस सगळे पांढरे. शेजारी थर्मास.

मी परत फिरणार होतो. तो म्हणाला, "बस की. पायरी काय माझ्या बापाची नाही."

सुषमा लांब जाऊन उभी राहिली. मग त्याने विचारले, "आलास कामून? एवढी वर्सं नाही आलास ते?"

मी म्हणालो, "झाड बघायला. चोराला नाही."

"बघ मग," तो म्हणाला. "तुझी एक वस्तू माझ्याकडं राहून गेलती. पुढच्या रविवारी आणतो. येशील का?"

मी गेलो. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली फिल्म आणली होती. सातवी. फिक्याची. सगळे ठिपके पूर्ण केलेले, इतके बारीक की मला भिंग लागले. आणि कोपऱ्यात माझ्या स्वतःच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले: "काशिनाथ, हा अजून पातळ कर. घाई नाही. सु. २८ मार्च ९९."

मी दिली होती. लग्नसराईच्या गडबडीत टेबलावरून नेहमीसारखी सरकवली होती आणि विसरलो होतो. नंतर नळी दिवाळीपर्यंत उघडलीच नाही. ज्याच्याकडे सातवी होती त्याने चोरी केली असती तर साडी सात रंगांत निघाली असती. साडीत सहाच रंग होते, कारण चोराच्या हाती सहाच लागल्या होत्या, माझ्या घरात, माझ्या माळ्यावर. त्यांची नक्कल काढून त्याने त्या परत नळीत ठेवल्या होत्या. फाटकात काशिनाथने मला नेमके हेच सांगितले होते. मी मात्र समजत होतो की साडी छापणाऱ्यांनी एका स्क्रीनचा खर्च वाचवला. बावीस वर्षे रंग वेगळे करायचे काम केलेल्या माणसाला एवढे वेगळे काढता आले नाही.

मी त्याला विचारले, "तेव्हाच का नाही आणून दिलीस?"

तो म्हणाला, "चोर म्हणून झालं होतं तुझं. ही घेऊन आलो असतो तर म्हणला असतास, बघा, मुद्देमाल सापडला. आन् आधी म्हणशील तर, त्या बहारात ठिपके अर्धेच झाले होते, पुढच्या बहाराला झाडाशी लावून बघून देणार होतो. घाई नाही म्हणून तूच लिहिलं होतंस."

त्याच संध्याकाळी मी सचिनला भूपेंद्रच्या ऑफिसात गेलो. आज ते युनिट त्याचे आहे. भागीदारीची सुरुवात नव्याण्णव साली झाली, हे मला माहीत होते, कशाच्या जोरावर झाली हे मी कधी विचारले नव्हते. त्याने पेढे मागवले. मी फिल्म टेबलावर ठेवली. त्याने ती पाहिली आणि ओळखली. ओळखायला नको होती, त्याने ती कधी पाहिलेलीच नव्हती, पण बाकीच्या सहांच्या कोपऱ्यांवर असेच अक्षर होते.

"दादा," तो म्हणाला, "नळी तं घरमाच पडेल व्हती. तू ती कोनलेच दाखाडत नव्हता. आपलाच घरनी वस्तू, चोरी कसानी?"

मी म्हणालो, "आनि काशिनाथ?"

तो म्हणाला, "त्यानं नाव मी कधी लिधं? तूच लिधं."

हे खरे आहे, आणि याच्याएवढे मला कशाने लागले नाही. त्याने नाव घेतले नाही. सव्वीस दिवाळ्या तो माझ्या पाटाशेजारी बसून जेवला. दर दिवाळीला मी काशिनाथच्या नावाने बोटे मोडली आणि तो मान हलवत पुरणपोळीवर तूप घेत राहिला. सुंदरा होती तोवर तिने दर वेळी ताट आपटले. ती मेली तेव्हा काशिनाथ आणि छाया दारापर्यंत आले होते आणि मी आत येऊ दिले नाही. तेव्हा दारात आडवा हात लावून भूपेंद्रच उभा होता.

म्हणून या कलमान्वये:

(अ) साती फिल्म आणि मूळ कागद काशिनाथची मुलगी मयुरी ढवळे हिला. ती रिंगरोडला कॉम्प्युटरवर डिझाईन करते, तिला त्याचे करायचे ते कळेल. छापले तर साती रंगांत छापावे, नाहीतर छापू नये. सहा रंगांत ते झाड एकाच सकाळी फुलल्यासारखे दिसते. किडीचे भोक बुजवू नये. नाव तामणच ठेवावे.

(आ) पहिली साडी निघाली तर मयुरीने ती आपल्या आईला, छायावहिनींना, नेसवावी. ती सुंदराची होती, सुंदराने त्यांनाच दिली असती.

(इ) ज्या ॲल्युमिनियमच्या नळीत फिल्म होत्या ती नळी, झाकणासह, रिकामी, माझा भाऊ भूपेंद्र निंबा भावसार याला. दुसरे काही नाही. घरातलीच वस्तू आहे.

(ई) नव्याण्णव सालची ती सहा रंगांची साडी मी पुरावा म्हणून जपली होती. पुराव्याने मलाच दोषी ठरवले आहे. ती माझ्या अंगावर घालावी आणि माझ्याबरोबर जाळावी.

कलम ७. माझ्या तिरडीला भूपेंद्रने खांदा देऊ नये. हे कलम काढा म्हणून सुषमा दोन दिवस माझ्या मागे लागली आहे. ती म्हणते, लोक काय म्हणतील. लोकांनी शंभर जणांदेखत एका निर्दोष माणसाला चोर म्हटलेले ऐकले आणि काही म्हटले नाही, तेव्हा आताही काही म्हणणार नाहीत. कलम राहील.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुषमाने करावी. तिने हे सहावे कलम माझ्या तेराव्याला, जमलेल्या सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावे. मिलमधले जुने लोक उरले असतील तेवढे बोलवावेत. आरोप फाटकात केला होता, कबुली ओट्यावर होईल. जागा तेवढी लहान आहे, त्याला इलाज नाही.

कलम ९. हे शेवटचे. फिल्म मी आधी काशिनाथच्याच नावे लिहिल्या होत्या. माझे टेबल, ब्रश, सगळेच. मसुदा घेऊन मी पायरीवर गेलो आणि त्याला वाचून दाखवला. त्याने सगळे ऐकले. मग विचारले, "साक्षीदार कोन?"

मी म्हणालो, ठरले नाही.

तो म्हणाला, "मला कर."

मी सांगितले, वकीलसाहेब म्हणतात ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, दिलेले रद्द होते. एक कर, नाहीतर दुसरे.

"मग मला काही देऊ नको," तो म्हणाला. "मयुरीला दे. मला सहीच करायची हाये."

मी कारण विचारले. तो झाडाकडे पाहत राहिला. खालची फिकी फुले पायरीवर पडत होती. म्हणाला, "सव्वीस वर्सं माझं नाव तुझ्या तोंडी होतं, सुकाभाऊ. एकदा तुझ्या नावाच्या खाली बसू दे."

त्यामुळे काशिनाथ रामराव ढवळे याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. मी शुद्धीवर आहे, माझी बुद्धी शाबूत आहे, याची साक्ष तो देतो. नाही म्हणण्याचा ज्याला सगळ्यात जास्त हक्क होता, त्याने हो म्हटले आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदार दोघेही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करत आहेत. सह्या माझ्या घरी, काचेच्या टेबलावर होत आहेत. पापड बाजूला ठेवले आहेत, खालचे दिवे लावले आहेत.

ठिकाण : सुरत
दिनांक : २२ जून २०२५

मृत्युपत्र करणार :
सुकलाल निंबा भावसार

साक्षीदार :

१. भटू दगा सोनवणे, शेजारी, लिंबायत, सुरत. मजकूर मी वाचलेला नाही, सही माझ्यासमोर झाली.

२. काशिनाथ रामराव ढवळे, ट्रेसर, सुरत. मजकूर मी वाचला. माणूस शुद्धीवर आहे. रेघ अजून सरळ येते.